खाल्ल्यावर अठ्ठेचाळीस तास

लहानपणी मी साप पकडायचो, हे मी इतक्या लोकांना इतक्या वेळा सांगितलंय की आता त्यातले काही साप मलाच आठवतात. एकाचं डोकं आमच्या शेतात होतं आणि शेपूट शेजारच्या तालुक्यात. त्याला पकडला तेव्हा पंचनाम्यावर दोन तलाठ्यांच्या सह्या लागल्या. दुसरा इतका म्हातारा होता की त्याच्या अंगावर शेवाळ साचलं होतं, शेवाळावर बेडकं नांदत होती, आणि जेवणासाठी त्याला कुठे जावंच लागत नसे. खरी गोष्ट एवढीच की अकोला जिल्ह्यातल्या आमच्या गावात साप निघाला की सगळ्यात पुढे मी असायचो, पळणाऱ्यांच्या.

हे बहरीनमध्ये कुणाला माहीत असायचं कारण नव्हतं. इथे येऊन मला अठरा वर्षं झाली. मआमीरच्या बाजूला जो कारखान्यांचा पट्टा आहे, तिथे मोठमोठ्या इमारती गार ठेवणारी यंत्रं मी सांभाळतो. अर्धं बहरीन माझ्यामुळे गार आहे असं मी म्हणतो. बायको म्हणते, उरलेलं अर्धं तुमच्या बडबडीनं गरम आहे. आम्ही राहतो हिद्दला, बंदराच्या अलीकडे, चौथ्या मजल्यावर. शुक्रवारी सुट्टी. त्या दिवशी आमच्याकडे माणसं जेवायला येतात, जेवणापेक्षा माझ्या गोष्टींसाठी येतात, निदान मी तरी तसं समजतो.

या गोष्टी ऐकत माझी मुलगी वाढली. मराठी तिला सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीत देते, इथल्या बहुतेक पोरांसारखं; तिचं बोलणं मीच मराठी करून सांगतोय. पंधराव्या वर्षी एके दिवशी तिने जेवता जेवता सांगितलं की तिला साप पाळायचाय. कारण काय, तर, "बाबा, तुला सापांची इतकी माहिती आहे. तू असताना भीती कसली?"

घास माझ्या घशात अडकला. बायकोने पाण्याचा पेला पुढे सरकवला आणि माझ्याकडे जे पाहिलं, त्या नजरेत आमचा वीस वर्षांचा संसार होता.

पोरीने सगळी तयारी केली होती. जनावरांची डॉक्टर व्हायचं तिच्या डोक्यात होतं, चौथीपासून. वर्षभर वाचून, व्हिडिओ बघून तिने साप निवडला होता: कॉर्न स्नेक, बिनविषारी, नारिंगी अंगावर तांबडे ठिपके, पिल्लू असताना बुटाच्या नाडीएवढं. रिफामधले एक बहरीनी गृहस्थ हे साप घरी वाढवायचे. बँकेत नोकरी, केस पिकलेले, बोलणं मऊ. त्यांच्याशी तिने बोलूनही ठेवलं होतं. बायकोने अट घातली.

"एक महिना," ती म्हणाली. "महिन्याभरात त्यानं खाल्लं, पचवलं, नीट राह्यलं, त राहू दे. नाही त जिथून आणला तिथं नेऊन द्यायचा. अन् मले तुमचा भरवसा नाही, पोरीचा हाये. सगळं तीच करंल. तुमी हात लावाचा नाही."

"मी कशाला हात लावतो?"

"तेच म्हणते मी. कायले लावता?"

एका गुरुवारी आम्ही रिफाला जाऊन साप घेऊन आलो. छिद्रं पाडलेल्या छोट्या डब्यात तो होता, डबा पोरीच्या मांडीवर, आणि मी गाडी अशी चालवली की मागच्या गाड्यांना वाटलं असेल, पुढे मयत चाललीय. त्या गृहस्थांनी निघताना तीन गोष्टी सांगितल्या होत्या. सात दिवस त्याला हात लावायचा नाही, नव्या जागेचा वास त्याच्या अंगवळणी पडू द्यायचा. मग खायला द्यायचं. आणि खाल्ल्यावर अठ्ठेचाळीस तास पुन्हा हात लावायचा नाही, कारण इतकं लहान पिल्लू घाबरलं तर खाल्लेलं बाहेर टाकतं, आणि एकदा टाकलं की त्याचं पोट बिघडतं, मग ते खायलाच धजत नाही. "पहिलं जेवण पोटात राहिलं," ते म्हणाले, "तर पुढचं सोपं आहे."

घरात माझं एकच काम होतं आणि ते मी चोख केलं. काचेच्या पेटीच्या एका टोकाला ऊब हवी होती, दुसरं टोक त्याहून थंड. आता अठरा वर्षं फक्त गार करत आलेल्या माणसाला ऊब द्यायला सांगणं म्हणजे बर्फवाल्याला भट्टी लावायला सांगणं. पण मी ते केलं. पेटीखाली गरम होणारी चटई, तिला जोडलेला तापमान नियंत्रक, आणि त्याची तापमान मोजणारी तार; ती कुठे चिकटवायची याचा जेवढा अभ्यास मी केला तेवढा कारखान्यातल्या सर्वांत मोठ्या यंत्राचाही केला नसेल. आमचं घर एरवी एवढं गार असतं की पाहुणे स्वेटर घेऊन येतात. पोरीच्या खोलीतला एसी बंद झाला आणि ती त्या उकाड्यात, बाहेर रस्त्याचं डांबर वितळत असताना, वह्यांनी वारा घेत अभ्यास करू लागली. तक्रार नाही. दह्याच्या दोन रिकाम्या डब्यांना दारं कापून तिने सापासाठी दोन घरं केली, एक उबेत, एक गारव्यात. नाव मात्र ठेवलं नाही. खाईल तेव्हा ठेवू, म्हणाली.

उंदराची पिल्लं फ्रीजरमध्ये आली तेव्हा घरात छोटंसं युद्ध झालं. गोठवलेली, गुलाबी, बोटाच्या पेराएवढी. बायकोने ती बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात घालून, डबा तीन पिशव्यांत बांधून, त्यावर फुली मारून अशा कोपऱ्यात ठेवला की तिकडची कोलंबीसुद्धा तिने आठ दिवस शिजवली नाही.

सात दिवस मी हात लावला नाही. हे मोठेपणानं सांगत नाही, भीतीमुळे नाही लावला. पण दारातून बघायचो. माझी पाळी रात्रीची असली की दिवसा पोर शाळेत, बायको कामावर, मी घरी एकटा. डब्याच्या दारातून इवलंसं डोकं बाहेर यायचं, जीभ लवलवायची, पुन्हा आत. तिसऱ्या दिवशी मी दारातून एक पाऊल आत टाकलं. पाचव्या दिवशी खुर्ची आत नेली. सातव्या दिवशी माझ्या लक्षात आलं की मी त्याच्याशी बोलतोय, कारखान्यातल्या साहेबाच्या तक्रारी सांगतोय, आणि तो ऐकतोय. आयुष्यात पहिल्यांदा मला साप आवडला.

पुढच्या गुरुवारी संध्याकाळी पोरीने एक पिल्लू कोमट पाण्यात वितळवलं, कागदावर कोरडं केलं, चिमट्यात धरून पेटीत हळूच पुढे केलं. खोलीतला दिवा बंद, बाहेरच्या दिव्याची तिरीप फक्त. आम्ही तिघं श्वास रोखून उभे. बायकोसुद्धा, पदर तोंडावर. साप डब्यातून बाहेर आला, थांबला, आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत त्याने ते पकडलं. मग सावकाश, पाहुणचाराला बसलेल्या व्याह्यासारखं, गिळलं. त्याच्या नाडीएवढ्या पोटात एक गोळा दिसू लागला. पोरीने माझा दंड इतका घट्ट धरला की दुसऱ्या दिवशी तिथे निळं पडलं होतं. तिने झाकण लावलं, कुलूप लावलं, किल्ली खिळ्याला अडकवली आणि म्हणाली, "शनिवार संध्याकाळपर्यंत. कोणीच नाही. बाबा, प्रॉमिस?"

"प्रॉमिस," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. मायलेकी जुफैरला एका मैत्रिणीच्या वाढदिवसाला गेल्या होत्या. मी वऱ्हाडी रस्सा केला होता, चार जण जेवायला होते. त्यातला एक आमच्या कारखान्याचा स्टोअरकीपर, रत्नागिरीकडचा मुसलमान, माझ्याहून दोन वर्षं आधी इथे आलेला. नट-बोल्टसुद्धा सहीशिवाय देत नाही आणि माझी कुठलीही गोष्ट पुराव्याशिवाय घेत नाही. बाकीचे तिघे आमच्याच तिकडचे, एकाच पाळीतले. जेवणं झाली. आणि मी सांगितलं की माझ्या घरात साप आहे, काल तो पहिल्यांदा जेवला.

नेहमी माझी गोष्ट सुरू झाली की ते हसायला तयार बसलेले असतात. तसेच हसले.

"केवढा?" एकाने विचारलं.

"एवढासा. बुटाची नाडी."

इथे माझी पंचाईत झाली. जन्मभर मी साप मोठा करून सांगितला, आणि जेव्हा खरा साप सांगायची वेळ आली तेव्हा तो एवढासा होता. त्यांचा विश्वासच बसेना.

"कॉर्न स्नेक," मी म्हणालो.

"म्हणजे मक्याचा साप? मका खातो?"

"उंदराचं पिल्लू खाल्लं काल. पोटात गोळा दिसतोय अजून."

स्टोअरकीपरने दातकोरणी खाली ठेवली. "बघ, मेल्या," तो म्हणाला, "तुझा तो दोन तालुक्यांचा साप मी ऐकून घेतला. तुझा शेवाळवाला साप ऐकून घेतला. पण ह्या खेपेस तू बायकोपोरीलासुद्धा गोष्टीत ओढतोस, हे बरं नाय. साप मफी. खलास. चहा टाक."

मफी म्हणजे नाही. हा शब्द इथे दिवसातून शंभरदा कानावर पडतो: पार्किंग मफी, पाणी मफी, साहेब मफी. पण त्या दिवशी तो मला लागला. अठरा वर्षांत पहिल्यांदा मी जे सांगत होतो ते अक्षरन् अक्षर खरं होतं आणि माझ्या घरात, माझा रस्सा खाऊन, चार माणसं ते खोटं ठरवत होती.

"पेटी बघायची?" मी म्हणालो. ते खोलीच्या दाराशी आले. साप डब्यात होता, दिसत नव्हता.

"डबा आहे," एक जण म्हणाला. "दह्याचा."

"आत आहे तो."

"असणार. दही पण असेल."

मी खिळ्यावरची किल्ली घेतली. मी काय करतोय हे मला कळत होतं. त्याचा पुरावा म्हणजे कुलूप उघडण्याआधी मी चौघांना बजावलं की फोटो काढायचा नाही. ज्याला आपण काही चुकीचं करत नाही असं वाटतं तो असं बजावत नाही. मग मी झाकण उचललं, डबा उचलला, आणि सापाला तळव्यावर घेतलं.

मी सापाला हात लावला, तोही पहिल्यांदाच. कोमट होता, माझ्याच चटईमुळे. बोटांमधून सरकत होता. चौघे मागे सरले, मग पुढे आले. मी पोटातला गोळा दाखवला. त्यांच्यातल्या दोघांनी धीर करून हातात घेतला, हातातून हातात दिला. आणि मी, अर्थातच, बोलायला लागलो. तळव्यावर साप, समोर श्रोते: मी गप्प बसणारा माणूस नाही. तलाठ्यांची गोष्ट पुन्हा सांगितली, आता पुराव्यासकट. मध्ये तो आखडला, मान मागे घेऊन शेपूट थरथरवू लागला. मी म्हटलं, बघा, गोष्टीत रंगलाय. पाऊण तास.

शेवटी स्टोअरकीपर म्हणाला, "मानलं रे बाबा. आजपासून तुझं सगळं मानलं."

त्या वाक्यासाठी केलं मी ते सगळं, आणि ते वाक्य मला मिळालं. साप परत ठेवला, डबा होता तसा, कुलूप, किल्ली खिळ्यावर. चहा झाला. मायलेकी परतल्या तेव्हा मी भांडी घासत होतो आणि बायकोला वाटलं मी सुधारलो.

शनिवारी सकाळी पोरीची हाक आली, मोठ्यानं नाही. मी गेलो. पेटीच्या गार टोकाला, भुशावर, अर्धवट विरघळलेलं काहीतरी पडलं होतं, आणि वास. साप पाण्याच्या वाटीमागे आकसून बसला होता. पोर गुडघ्यांवर बसून नियंत्रकाचा आकडा बघत होती.

"टेम्परेचर बरोबर आहे," ती म्हणाली, अर्धं स्वतःशी. "पण मी परवा भुसा नीट करताना वायर हलवली होती, बाबा. कदाचित मधे बंद पडलं असेल. रात्री गार झाला असेल." तिने वर पाहिलं. घरात तापमानातलं कळणारा माणूस मीच होतो. "असं होऊ शकतं?"

ती तार मी स्वतः चिकटवली होती. तिला धक्का लागून ते बंद पडणं शक्य नव्हतं. तीन वेळा तपासलं होतं मी.

"असेल," मी म्हणालो.

जन्मभर मी थापा मारल्या, आणि त्यातली एकही कुणाला महागात पडली नाही. मोठ्या होत्या सगळ्या. दोन तालुक्यांचा साप कुणाच्या अंगावर पडत नाही. ही एका शब्दाची होती, आणि ती जाऊन पोरीच्या पदरात पडली.

तिने रिफाच्या गृहस्थांना फोन केला. माझ्यासमोर, माझ्याकडे पाठ करून, तिने सांगितलं की तिच्या चुकीने तार हलली. त्यांनी धीर दिला. बारा दिवस काहीही द्यायचं नाही, अजिबात त्रास द्यायचा नाही, मग पिल्लू कापून निम्मंच द्यायचं. ती मान हलवत होती, जसं काही फोनमधून दिसतं.

इथे मी सापाच्या वाटेला न जाता गप्प राहिलो असतो तरी निभावलं असतं. पण मी गप्प राहणाऱ्यांतला नाही, हे वर सांगितलंच. शिवाय आमच्याकडे जेवणाच्या बाबतीत एक रोग आहे. पाहुणा नको म्हणाला तर ते पहिलं नको मोजत नाहीत. दुसऱ्या नकोला वाढणारा हसतो. तिसऱ्यालाही ताटावर हात आडवा धरला तर हाताच्या फटीतून भाजी सोडतात. माझ्या आईने जावयाच्या ताटात पोळी टाकण्यासाठी एकदा त्याला खिडकीबाहेर मोर दाखवला होता, आणि आमच्या गावात मोर नव्हते. उपाशी जीव घरात आहे आणि त्याला त्याच्या वाटेनं सोडायचं, हे आमच्या रक्तात नाही. त्यात माझ्या पोटात अपराध.

मग पोर शाळेत गेली की मी जायचो. झाकण उघडून डबा उचलायचो. काय रे, बरा आहेस ना, वाळलास का, हे बघण्यापुरता. हात लावत नव्हतो, एवढ्यावर मी स्वतःला प्रामाणिक समजत होतो. एकदा तर एक पिल्लू वितळवून चिमट्याने त्याच्या तोंडाजवळ धरलं, पाच मिनिटं. घे रे, म्हटलं. एक घास, माझ्यासाठी. तो मान मागे मागे घेत गेला आणि शेवटी पेटीच्या कोपऱ्यात काचेला नाक घासू लागला. ते पिल्लू मी कचऱ्यात टाकलं, खाली नेऊन, बायकोला कळू नये म्हणून. दिवसातून एकदा, कधी दोनदा, असं मी त्याच्या घराचं छप्पर उडवत होतो. आज विचार करतो तेव्हा वाटतं, त्या बारा दिवसांत त्याला एका तासाचीही निवांत झोप मी मिळू दिली नसेल.

पोर मात्र त्याला शिस्तीत, काटेकोरपणे, एकटं सोडत होती. शाळेतून आल्यावर फक्त पाणी बदलायची. दूध देऊन बघू का, असं खालच्या मजल्यावरच्या बाईंनी सुचवलं तेव्हा तिने त्यांना नीट बसवून साप दूध का पचवू शकत नाही ते समजावलं, आणि त्या बाई इतक्या भारावल्या की आपल्या आजारी बोक्याबद्दलही विचारून गेल्या.

बाराव्या दिवसानंतर तिने निम्मं पिल्लू दिलं. साप बाहेर आला नाही. पाच दिवसांनी पुन्हा. तेव्हा तो आला, पण चिमट्याची सावली अंगावर पडताच झटकन आत गेला.

"चिमट्याला घाबरतोय," ती म्हणाली. "का घाबरतोय? मी तर त्याला कधीच..." मी खिडकीबाहेर बघत होतो. तिथे मोर नव्हता.

महिना भरला तेव्हा बायकोच विरघळली. "राहू दे अजून पंधरा दिवस," तिने पोरीला सांगितलं. "मी कुठं पळून चालली." पण पोरीने नकारार्थी मान हलवली. साप वजनात उतरला होता. तिच्याकडे तसे आकडे होते. "माझ्या हौसेसाठी मी त्याला मारणार नाही," असं ती इंग्रजीत म्हणाली, आणि ते इतक्या मोठ्या माणसासारखं म्हणाली की मला तिच्या जागी माझी आई दिसली.

रिफाला नेताना डबा पुन्हा तिच्या मांडीवर होता. सीटवर बसल्या बसल्या मी चारदा तोंड उघडलं. पहिल्यांदा सिग्नल लागला. दुसऱ्यांदा सुटला. तिसऱ्यांदा तिने पाणी मागितलं. चौथ्यांदा काहीच झालं नाही, मीच तोंड मिटलं. तिने त्या गृहस्थांच्या हातात डबा दिला, सॉरी म्हणाली. ते म्हणाले, असं होतं, पहिल्यांदा सगळ्यांचंच होतं. म्हणजे त्यांनीही तिचीच चूक धरली, फक्त माफ केली.

तीन आठवड्यांनी त्यांचा मेसेज आला. साप खायला लागला होता. दोन जेवणं पोटात राहिली होती. सोबत व्हिडिओ. मला हायसं वाटलं आणि मी तिच्याकडे पाहिलं, तिलाही वाटलं असेल म्हणून. ती व्हिडिओ दोनदा बघून म्हणाली, "बघ. त्यांच्याकडे खातो." मग फोन उलटा ठेवला.

एवढ्यावर मी कदाचित तरलो असतो. माणूस तरतो. पण गेल्या महिन्यात खालच्या बाई वर आल्या. पंधरा दिवसांच्या सुट्टीवर गावी चालल्या होत्या, बोक्याला रोज खायला घालशील का, असं त्यांनी पोरीला विचारलं. ती दारात उभी होती, मी आत सोफ्यावर. ती नम्रपणे नाही म्हणाली. "आंटी, मी प्राण्यांच्या बाबतीत चांगली नाही." आणि शाळेत विषय निवडायचे होते त्यातलं जीवशास्त्र तिने काढून टाकलं होतं, हे मला त्याच आठवड्यात बायकोकडून कळलं.

"काऊन काढलं?" बायकोने मला विचारलं, जसं काही मला ठाऊक असावं.

तेव्हा मी हे लिहायला बसलो. मराठीत लिहिलं, एक तर दुसरं काही येत नाही, आणि दुसरं, खरंच सांगायचं ठरवलंय तर सांगतो, पोरीला मराठी वाचता येत नाही. म्हणजे लिहून मन हलकं करायचं आणि तिला कळूही द्यायचं नाही. एवढा हिशेबी मी गुन्हा कबूल करतानाही होतो. पंधरा दिवस हे कागद टेबलावर उघडे पडून होते आणि ती त्यांच्यावर चहाचा कप ठेवत होती.

परवा तिने विचारलं, "हे काय आहे? इतकं काय लिहितोस?"

"गोष्ट आहे."

"वाच ना."

मी वाचायला लागलो. पंचनाम्याला ती हसली. शेवाळावरच्या बेडकांना हसली. मयतीसारखी गाडी चालवली तिथे म्हणाली, हे मात्र खरं आहे. मग शुक्रवार आला. मला पान उलटता आलं असतं. तिला कळलंही नसतं. मी वाचत राहिलो. किल्ली वाचली. पाऊण तास वाचला. "असेल" वाचलं तेव्हा माझा आवाज कसा होता ते मला माहीत नाही. छप्पर उडवायचो तेही वाचलं, चिमटाही वाचला.

ती रडली नाही, ओरडली नाही. कागदावरचा चहाचा डाग तिने बोटाने पुसून पाहिला. मग फोन माझ्यासमोर सरकवला. "त्यांना सांग," ती म्हणाली. "आत्ता."

मी रिफाच्या गृहस्थांना फोन लावला, स्पीकरवर, कारण ती समोर बसली होती. माझ्या मोडक्या इंग्रजीत सांगितलं की खाल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्याला बाहेर काढला, पाहुण्यांना दाखवायला, नंतरही छेडत राहिलो, माझ्या मुलीने काही चुकीचं केलं नव्हतं, तार हलली नव्हती. एक मिनिटसुद्धा लागलं नाही. माझ्या आयुष्यातली सगळ्यात छोटी गोष्ट.

त्यांनी विचारलं, ती तिथे आहे का. ती म्हणाली, हो. ते तिला म्हणाले की साप आता चांगला जाड झालाय, तिच्यासाठी ठेवलेला आहे असं समज, या शुक्रवारी येऊन ने.

मी तिच्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता ती हो म्हणेल. तिने फोनकडे पाहिलं, मग बंद असलेल्या खोलीच्या दाराकडे, मग माझ्याकडे. एवढा वेळ की ते पलीकडून हॅलो म्हणाले.

"नको म्हणावं," ती मला म्हणाली, मराठीत, हळू आवाजात. "या घरात नको."

पलीकडे ते वाट बघत होते. मी त्यांना ते इंग्रजीत सांगितलं, दोन्ही वाक्यं, काही न वाढवता.